आधी नंबर कुणाचा?



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते ग्रंथपाल होते. त्यांच्या ग्रंथालयात एखादं मागणी असलेलं पुस्तक बाहेर गेलं की आम्ही मुलं चिठ्ठी लिहून द्यायचो आणि सर ती टेबलावरच्या तारेला टोचून ठेवायचे. पुस्तक परत आलं की तारेवरच्या सगळ्या चिठ्ठ्या काढून ते टेबलावर पसरायचे, दोन मिनिटं बघायचे आणि मग नाव पुकारायचे. एकदा माझी चिठ्ठी आधीची असूनही पुस्तक दुसऱ्या मुलाला मिळालं. मी तक्रार केली. सर काही बोलले नाहीत. त्यांनी भिंतीवरच्या पुठ्ठ्याकडे बोट दाखवलं. त्यावर त्यांच्याच अक्षरात चार ओळी होत्या. ज्यांची परीक्षा त्या महिन्यात आहे ते आधी. मग बाहेरगावाहून येणारे. मग पूर्वी नंबर लागूनही पुस्तक न मिळालेले. आणि शेवटची ओळ: बाकी सर्व, चिठ्ठीच्या तारखेप्रमाणे.

त्या मुलाची परीक्षा होती. मला पुस्तक मिळालं नाही, पण का मिळालं नाही ते कळलं, आणि राग गेला.

पुढे माझं सगळं आयुष्य डेटाबेसच्या कामात गेलं. आज बोलायला उभा राहिलो आहे तो सरांच्या त्या पुठ्ठ्याबद्दलच, फक्त तो पुठ्ठा आता संगणकात कसा लिहितात ते सांगणार आहे. विषयाचं तांत्रिक नाव आहे अटींनुसार क्रम लावणं. तुमच्यातले काही जण संगणकाचं काम करतात, बरेचसे करत नाहीत. दोघांनाही हा विषय सारखाच लागू आहे, कारण रोज कुठल्या ना कुठल्या यादीत आपलं नाव असतं आणि त्या यादीत आपला नंबर कुणीतरी लावलेला असतो.

सुरुवात एका साध्या प्रश्नापासून करू. डेटाबेसमध्ये माहिती कुठल्या क्रमाने ठेवलेली असते?

उत्तर असं आहे की कुठल्याच नाही. एडगर कॉड नावाचे एक गणिती होते. जन्म 1923चा, इंग्लंडातला. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश हवाई दलात वैमानिक होते. पुढे अमेरिकेत आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत काम करत असताना जून 1970मध्ये त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. आज बँकेपासून रेल्वेपर्यंत जे डेटाबेस चालतात त्यांच्यापैकी बहुतेकांचा पाया त्या निबंधात आहे. 1981 साली त्यांना त्यासाठी ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

कॉड यांनी त्या निबंधात तेव्हाच्या पद्धतींचे तीन दोष दाखवले. त्यातला पहिलाच दोष क्रमाचा होता. त्या काळी प्रोग्राम लिहिणारा माणूस असं धरून चालायचा की फाइलमध्ये नोंदी ज्या क्रमाने ठेवल्या आहेत त्याच क्रमाने त्या हाती येणार. उद्या कुणी ती रचना बदलली की प्रोग्राम कोसळायचा, किंवा त्याहून वाईट म्हणजे गुपचूप चुकीचं उत्तर द्यायचा. यावर कॉड यांनी उपाय सांगितला तो शाळेतल्या संचाचा. संचात एक, दोन, तीन लिहा किंवा तीन, एक, दोन लिहा, संच तोच. तसा तक्ता म्हणजे ओळींचा संच. त्यात पहिली ओळ, शेवटची ओळ असं काही नसतंच.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. माहितीला स्वतःचा क्रम नाही. क्रम मागावा लागतो, आणि जो मागतो तो सांगतो की आधी कोण. मागितला नाही तर यंत्र त्याला सोयीच्या क्रमाने ओळी देतं. आज त्या नोंद झाल्याच्या क्रमाने दिसतील, उद्या एखादी दुरुस्ती झाली की दिसणार नाहीत. महिनोन्महिने बरोबर दिसणारी यादी एका सकाळी उलटीपालटी झाली आणि कार्यालयात धावपळ उडाली, असं मी अनेकदा पाहिलं आहे. प्रत्येक वेळी कारण एकच निघालं: क्रम कुणी मागितलाच नव्हता.

तो मागायची भाषा म्हणजे एसक्यूएल. डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस या दोन तरुण संशोधकांनी 1974 साली तिचं पहिलं रूप मांडलं. गणिती नसलेल्या माणसालाही डेटाबेसला प्रश्न विचारता यावा, ही त्यांची इच्छा होती. बॉइस त्याच वर्षी अकाली गेले. त्या भाषेत क्रम मागायचे शब्द आहेत ‘ऑर्डर बाय’. ‘ऑर्डर बाय नाव’ म्हटलं की नावाप्रमाणे, ‘ऑर्डर बाय दिनांक’ म्हटलं की तारखेप्रमाणे. इथवर सोपं आहे.

पण सरांचा पुठ्ठा आठवा. तिथे ना नावाचा क्रम होता, ना निव्वळ तारखेचा. तिथे अटी होत्या. आयुष्यातल्या बहुतेक खऱ्या याद्या अशाच असतात. यासाठी एसक्यूएलमध्ये जी रचना आहे तिला ‘केस’ म्हणतात. 1992 साली जे एसक्यूएलचं प्रमाण ठरलं त्यात ती आली आणि आज सगळ्या प्रमुख डेटाबेसमध्ये ती चालते.

ती कशी वापरतात हे मी एका प्रसंगातून सांगतो.

बारा-तेरा वर्षांपूर्वी एका नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात मी तक्रार नोंदीची व्यवस्था बघायला गेलो होतो. गावाचं नाव घेत नाही, तिथली माणसं प्रामाणिक होती. तक्रार आली की तिला तातडी लावायची: उच्च, मध्यम किंवा कमी. रोज सकाळी तातडीप्रमाणे यादी निघायची आणि तिची पहिली दोन पानं छापून फिटरच्या हातात जायची. मी तिथे बसलेलो असताना एक आजी आल्या. त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून चार घड्या घातलेली पावती काढली आणि काउंटरवर पसरली. त्यांच्या गल्लीतली नळजोडणी गळत होती. तीन आठवडे झाले होते. त्यांनी एवढंच विचारलं, “बाळा, माझा नंबर कधी लागणार?”

तक्रार संगणकात होती. तातडी ‘मध्यम’. यादीत ती सापडेना, म्हणून मी पानं उलटत गेलो, तर ती अगदी तळाशी होती. आणि तिच्या आधी, तिच्याहून वर, मीटरची काच धुरकट झाल्याच्या, पाटी पडल्याच्या ‘कमी’ तातडीच्या तक्रारी होत्या. त्या त्याच आठवड्यात आलेल्या होत्या आणि त्यांतल्या काही मिटल्याही होत्या.

काय झालं होतं? क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात, लिहिलं होतं, ‘ऑर्डर बाय तातडी’. यंत्राला तातडीचा अर्थ कळत नाही, त्याला अक्षरं कळतात. उच्च, कमी, मध्यम. उ, क, म. वर्णक्रमाने उच्च पहिला आला आणि मध्यम शेवटी गेला. इंग्रजीतही नेमकं हेच होतं: हाय, लो, मीडियम हा त्यांचाही वर्णक्रम आहे. म्हणून ही चूक जगभर होते. आणि ती लवकर सापडत नाही, कारण यादीचं पहिलं पान बरोबर असतं. ‘उच्च’ वर आहे हे साहेबांना दिसतं, फिटरला दिसतं, सगळ्यांना वाटतं यादी ठीक आहे. बुडतो तो मधला माणूस. ज्याचं घर वाहून गेलेलं नाही, पण ज्याच्या दारात रोज चिखल होतो, असा.

दुरुस्ती अशी होती. संगणकाला ही आज्ञा रोमन लिपीत द्यावी लागते, इथे ती आपल्या लिपीत छापली आहे.

ऑर्डर बाय
केस तातडी
व्हेन 'उच्च' देन 1
व्हेन 'मध्यम' देन 2
व्हेन 'कमी' देन 3
एल्स 4
एंड,
नोंद_दिनांक

मराठीत वाचायचं तर: तातडी उच्च असेल तर त्या ओळीला 1 हा अंक द्या, मध्यम असेल तर 2, कमी असेल तर 3, यातलं काहीच नसेल तर 4. मग त्या अंकाप्रमाणे लावा, आणि ज्यांचा अंक सारखा आहे त्यांना नोंदीच्या तारखेप्रमाणे. ते अंक कुणाला दिसत नाहीत, तक्त्यात साठवले जात नाहीत. ओळी लावून झाल्या की ते विरून जातात. सर मनातल्या मनात चिठ्ठ्यांवर जे अंक घालायचे, तेच हे.

त्या दिवशी ही आज्ञा लिहायला पाच मिनिटं लागली. ‘एल्स’च्या ओळीला मात्र तास लागला, आणि त्या तासातच मी सर्वांत जास्त शिकलो.

काही नोंदींत तातडीचा रकाना रिकामाच होता. फोन करणाऱ्याला नीट सांगता आलं नव्हतं, किंवा घेणाऱ्याने विचारलं नव्हतं. त्यांना 4 अंक दिला की त्या सर्वांत शेवटी जाणार. अभियंता म्हणाले, जाऊ देत, माहिती अपुरी आहे. तिथल्या ज्येष्ठ लिपिक बाई म्हणाल्या, “अहो साहेब, ज्याला सांगता येत नाही त्याचंच पाणी गेलेलं असतं.” आम्ही तिघं बसलो आणि ठरवलं की रिकाम्या नोंदी ‘मध्यम’च्या बरोबरीने लावायच्या आणि त्यातल्या प्रत्येकाला त्याच दिवशी उलट फोन करायचा. ‘एल्स 4’ची जागा ‘एल्स 2’ने घेतली. एका अंकाचा फरक. पण तो अंक संगणकाचा नव्हता, त्या तीन माणसांचा होता.

रिकाम्या जागेची गोष्ट आणखी थोडी सांगितली पाहिजे. डेटाबेसमध्ये रिकाम्या जागेला ‘नल’ म्हणतात, आणि नल म्हणजे शून्य नव्हे, ‘माहीत नाही’. चढत्या क्रमाने लावताना हे माहीत नसलेलं कुठे जातं? पोस्टग्रेस आणि ओरॅकल हे डेटाबेस त्याला शेवटी टाकतात. मायएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर आणि एसक्यूलाइट त्याला सुरुवातीला आणतात. म्हणजे तोच तक्ता, तीच आज्ञा, पण कार्यालयाने नवा डेटाबेस घेतला की रिकाम्या तारखेची माणसं यादीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेली. ‘नल्स लास्ट’ अशी सोय भाषेच्या प्रमाणात आहे, पण सगळीकडे ती चालत नाही. ‘केस व्हेन दिनांक इज नल देन 1 एल्स 0 एंड, दिनांक’ असं लिहिलं तर मात्र ते सगळीकडे चालतं. आणि इथे ‘व्हेन नल’ एवढंच लिहून भागत नाही. जे माहीत नाही ते दुसऱ्या माहीत नसलेल्याच्या बरोबरीचं आहे असं यंत्र कधीच मानत नाही, म्हणून ती अट कधीच खरी ठरत नाही. ‘इज नल’ असंच विचारावं लागतं. तसंच ‘एल्स’ लिहायचं विसरलात तर उरलेल्या सगळ्या ओळींना नल मिळतं आणि त्या कुठे जाणार हे तुमच्या हातात राहत नाही. म्हणून माझा आग्रह आहे की ‘एल्स’ लिहिल्याशिवाय ‘केस’ बंद करू नये.

आता याच रचनेचं एक मोठं उदाहरण देतो. ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे, हाताने दाबलंही आहे: लोकसभेच्या आणि विधानसभेच्या मतदानयंत्रावरची उमेदवारांची यादी.

ही यादी कशी लागते ते 1951च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 38मध्ये सांगितलं आहे. पूर्वी सगळे उमेदवार एकाच वर्णक्रमात असत. 1996च्या दुरुस्तीने तीन गट केले. पहिले मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार. दुसरे, वरच्या गटातले सोडून, नोंदणीकृत पक्षांचे उमेदवार. तिसरे बाकीचे सर्व. गट याच क्रमाने आणि गटात नावं वर्णक्रमाने. एसक्यूएलमध्ये हे असं होईल:

ऑर्डर बाय
केस
व्हेन पक्ष_मान्यताप्राप्त देन 1
व्हेन पक्ष_नोंदणीकृत देन 2
एल्स 3
एंड,
नाव

कायद्याच्या शब्दांकडे बघा. ‘वरच्या गटातले सोडून’ हे कायद्याला मुद्दाम म्हणावं लागलं, कारण प्रत्येक मान्यताप्राप्त पक्ष नोंदणीकृतही असतोच. ‘केस’मध्ये ते शब्द लागत नाहीत. तिथे अटी वरून खाली तपासल्या जातात आणि जी पहिली खरी ठरेल तिथेच थांबायचं असतं. पहिल्या अटीत बसलेला उमेदवार दुसरीपर्यंत पोचतच नाही. पण याच दोन ओळी कुणी अदलाबदल करून लिहिल्या, नोंदणीकृत आधी आणि मान्यताप्राप्त नंतर, तर सगळे मान्यताप्राप्त पक्ष पहिल्याच अटीत अडकतील आणि दोन गटांमधला फरक पुसला जाईल. यंत्र चूक दाखवणार नाही. यादी निघेल, नीटनेटकी दिसेल, आणि बेकायदेशीर असेल. अटी कोणत्या क्रमाने लिहायच्या हाही असा कायद्याचा भाग होऊन बसतो.

याच यादीत पुढचे दोन प्रश्नही भेटतात. एकाच नावाचे दोन उमेदवार आले तर? नियम सांगतात की त्यांच्या नावापुढे व्यवसाय किंवा राहण्याचं ठिकाण असं काही जोडून त्यांना वेगळं ओळखता यावं असं करा. बरोबरी सुटलीच पाहिजे, हे निवडणुकीला जसं कळलं तसं प्रोग्राम लिहिणाऱ्यालाही कळावं. ज्यांचा अंक सारखा आणि तारीखही सारखी, अशा ओळींना यंत्र दर वेळी वेगळ्या क्रमाने देऊ शकतं. यादी वीस-वीसच्या पानांत दाखवत असाल, तर पहिल्या पानावर दिसलेलं नाव दुसऱ्या पानावर पुन्हा दिसेल आणि एखादं नाव कुठल्याच पानावर येणार नाही. म्हणून ‘ऑर्डर बाय’च्या अगदी शेवटी नोंद क्रमांकासारखा कधीही सारखा नसणारा रकाना जोडावा. आणि 2013 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय आला, तो सर्वांत शेवटी असतो. तो वर्णक्रमात व या अक्षरापाशी घुसत नाही, कारण त्याच्यासाठी वेगळी अट आहे.

दुसरा प्रश्न आहे वर्णक्रमाचा, आणि तो आपल्या भाषेचा आहे. युनिकोडमध्ये ळ हे अक्षर ल आणि व यांच्यामध्ये बसवलं आहे. आपल्या वर्णमालेत ते ह च्या नंतर येतं. कावळे, काशीकर, कासार आणि काळे ही चार आडनावं घ्या. मराठी कोशाच्या रीतीने ती याच क्रमाने येतील, काळे शेवटी. नुसत्या युनिकोडच्या अंकांप्रमाणे लावली तर काळे पहिले येतात. आता कुणी म्हणेल, ‘केस’ लिहून ळ ला मोठा अंक देऊ. तसं करू नये. भाषेच्या वर्णक्रमासाठी ‘कोलेशन’ नावाची वेगळी सोय असते, तिच्यात मराठीचे नियम आहेत आणि तक्ता करतानाच ते निवडायचे असतात. ‘केस’ हे निर्णयासाठी आहे. वर्णमाला हा आपला निर्णय नव्हे, ती आपल्याला वारशाने मिळालेली आहे.

मराठी महिन्यांचंही तसंच आहे. अक्षरांप्रमाणे लावलं तर वर्ष आश्विनात सुरू होतं, मग आषाढ, कार्तिक, चैत्र असं करत श्रावणात संपतं. माघ मार्गशीर्षाच्या आधी येतो. गुढी चौथ्या महिन्यात उभारावी लागेल! बारा ओळींची ‘केस’ लिहून हे सुधारता येतं, पण सुधारू नये. जो क्रम पंचांगात कायमचा ठरलेला आहे, तो एका छोट्या तक्त्यात ठेवावा: महिन्याचं नाव आणि त्याचा क्रमांक. मग क्वेरीने तो तक्ता जोडून घ्यावा. तातडीचंही हेच. एकाच कार्यालयात दहा ठिकाणी तीच ‘केस’ लिहिलेली मी पाहिली आहे, नऊ ठिकाणी दुरुस्त केलेली आणि दहाव्या ठिकाणी विसरलेली. जो निर्णय पुन्हा पुन्हा लागतो तो तक्त्यात जावा, म्हणजे तो बदलला तर एकाच जागी बदलेल आणि कधी बदलला, कुणी बदलला याची नोंद राहील. जो एका यादीपुरताच आहे तो ‘केस’मध्ये राहू दे.

काम करणाऱ्या तरुण मित्रांसाठी दोन-तीन गोष्टी भराभर सांगतो. ‘ऑर्डर बाय 2’ याचा अर्थ बऱ्याच डेटाबेसमध्ये दुसऱ्या रकान्याप्रमाणे असा होतो, पण ‘केस’मधून मिळालेला 2 हा फक्त अंक असतो, रकान्याचा नंबर नव्हे. एकाच ‘केस’च्या एका फांदीत नाव आणि दुसरीत तारीख देऊ नका. सगळ्या फांद्यांचा प्रकार एक हवा, नाहीतर यंत्र अडतं किंवा तारखेचं अक्षरांत रूपांतर करून चुकीचं लावतं. प्रकार वेगळे असतील तर वेगळ्या ‘केस’ लिहा. आणि अशा क्रमाला साधी अनुक्रमणिका, म्हणजे इंडेक्स, उपयोगी पडत नाही. दहा लाख ओळी असतील तर प्रत्येकीचा अंक काढून त्या लावायला साधारण दोन कोटी तुलना होतात. म्हणून आधी गाळा, मग लावा. फक्त प्रलंबित तक्रारी हव्या असतील तर मिटलेल्या लावत बसू नका.

वेगळ्या ‘केस’ लिहिण्यातली एक गंमत मात्र थांबून बघण्यासारखी आहे. त्या नगरपालिकेत नंतर एकच यादी हवी होती. वर प्रलंबित तक्रारी, सर्वांत जुनी आधी. खाली मिटलेल्या, सर्वांत ताजी आधी. म्हणजे एकाच यादीत दोन उलट दिशा. ते असं लिहिलं:

ऑर्डर बाय
केस व्हेन स्थिती = 'प्रलंबित' देन 0 एल्स 1 एंड,
केस व्हेन स्थिती = 'प्रलंबित' देन नोंद_दिनांक एल्स नल एंड चढता,
केस व्हेन स्थिती = 'मिटली' देन निकाल_दिनांक एल्स नल एंड उतरता

पहिली ओळ दोन गट करते. दुसरी प्रलंबितांना जुन्यापासून लावते, आणि मिटलेल्यांना तिच्यात सरसकट नल मिळतं, म्हणून त्यांच्यात ती ढवळाढवळ करत नाही. तिसरी मिटलेल्यांना ताज्यापासून लावते आणि प्रलंबितांच्या बाबतीत गप्प बसते. ज्या नलने आधी आपल्याला त्रास दिला तोच इथे बाजूला उभा राहून दुसऱ्याला वाट देतो. या तीन ओळी मला आजही सुंदर वाटतात.

आता पुन्हा मूळ प्रश्नाकडे येतो. रुग्णालयात ‘ट्रायाज’ हा शब्द आपण ऐकतो. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थच निवडणं, वेगळं काढणं. नेपोलियनच्या सैन्यात दॉमिनिक-झां लारे नावाचे शल्यचिकित्सक होते. त्यांनी आग्रह धरला की जखम जितकी गंभीर तितका नंबर आधी, हुद्दा कोणताही असो. त्यांच्याआधीही रांग होतीच. तिची अट वेगळी होती, आणि ती कुठे लिहिलेली नव्हती. लारे यांनी अट बदलली आणि ती उघड केली. सरांच्या क्षेत्रातही हा प्रश्न होताच. ग्रंथालयतज्ज्ञ रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दलचा आहे. सरांना तो प्रिय होता. कुणाचा वेळ आधी वाचवायचा, हे मात्र त्यांना पुठ्ठ्यावर स्वतः लिहावं लागलं.

मला म्हणायचं आहे ते एवढंच. यादी कधीच आपोआप लागत नाही. रुग्णांची असो, घरकुलाची असो, प्रवेशाची असो, तिच्यामागे कुणीतरी लिहिलेली एक ‘ऑर्डर बाय’ असते, आणि तिच्यात आधी कोण, मग कोण, न बसणाऱ्यांचं काय, माहीत नसलेल्यांचं काय आणि बरोबरी झाली तर काय, या प्रश्नांची उत्तरं असतात. उत्तरं लिहिलेली नसली तरी ती दिली जातातच. मग ती यंत्राच्या सवयीने दिली जातात, वर्णक्रमाने किंवा योगायोगाने. “संगणकात तसंच येतंय” हे वाक्य आपण काउंटरवर ऐकतो तेव्हा ते खरं नसतं. संगणकात तसं कुणीतरी आणलेलं असतं, किंवा कुणी लक्ष दिलेलं नसतं. ‘केस’ची रचना मला म्हणूनच मोलाची वाटते. ती निर्णय लपवत नाही. ज्याला अक्षरओळख आहे त्याला ती वाचता येते.

जे इथे प्रोग्राम लिहिणारे आहेत त्यांना माझी विनंती आहे की क्रमाची अट लिहिताना ज्याची ती यादी आहे त्या विभागातल्या माणसाला शेजारी बसवा, आणि ‘एल्स’ची ओळ त्याला विचारल्याशिवाय लिहू नका. जे कार्यालयं, रुग्णालयं, संस्था चालवतात त्यांना विनंती आहे की यादी लावाल तेव्हा तिच्याखाली ती कोणत्या नियमाने लावली ते साध्या मराठीत छापा. चार ओळी पुरतात. सरांना तेवढ्याच पुरल्या होत्या. आणि बाकी आपण सगळे, ज्यांचं नाव कुठल्या ना कुठल्या यादीत आहे, त्यांनी काउंटरवर “माझा नंबर कधी लागणार” एवढंच विचारून थांबू नये. “नंबर कोणत्या नियमाने लावता” हेही विचारावं.

त्या आजींच्या गल्लीतली गळती दुसऱ्या दिवशी बंद झाली.